मोटर बंद पडते तेव्हा : पहिला भय-लघुपट करणाऱ्यांसाठी

आमच्या सांगलीकडं सध्या भय-लघुपटांचं पेव फुटलंय. स्नेहसंमेलन असो, गणपती मंडळाचा पडदा असो नाहीतर मोबाईल. पांढऱ्या साडीतली बाई, मोकळे केस आणि मागून कानठळ्या बसवणारा आवाज हे ठरलेलं. पोरांची मेहनत खरी असते. रात्री जागतात, पदरचे पैसे घालतात, घरच्यांची बोलणी खातात. आणि पडद्यावर भूत आलं की बघणारे हसतात. ते हसणं जिव्हारी लागतं. मी ते सोसलंय, म्हणून जे हाती लागलं ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

आमचा दुसरा लघुपट मिरजेच्या पुढं, एका ओळखीच्यांच्या उसात केला. रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत चित्रीकरण चाललं. आवाज सगळा कॅमेऱ्याच्याच माईकवर घेतला होता. सकाळी हेडफोन लावले तर निम्म्या रात्रीचा आवाज म्हणजे नुसती वाऱ्याची घरघर. चित्रात अंधार कमी आणि दाणे, म्हणजे वळवळणारे बारीक ठिपके, जास्त. सगळी रात्र पाण्यात गेली होती. क्लिपा पुसायच्या आधी एकेक उघडून बघताना एक सापडली, चाळीसेक सेकंदांची. कुणीतरी कॅमेरा चालूच ठेवून बांधावर ठेवला होता. चित्र पूर्ण काळं. लांबून विहिरीवरच्या मोटरीची घूंऽऽ. मग ती थांबली. लाईट गेली होती. काही सेकंद काहीच नाही. आणि आमच्यातलाच एकजण, एकदम हळू आवाजात, "कोण हाय तिकडं?"

खोलीत आम्ही पाचजण होतो. पाचही गप्प झालो. तिकडं कोणी नव्हतं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही स्वतः तिथं उभे होतो. तरीही मान मागं वळवून बघावंसं वाटलं.

तेव्हापासून मी क्रम बदलला. नवी मंडळी आधी कॅमेऱ्याची जुळवाजुळव करतात, मग जागा बघतात, आणि आवाज अगदी शेवटी नेटवरून उतरवून चिकटवतात. मी सांगतो ते उलटं : आधी कान, मग जागा, कॅमेरा सगळ्यात शेवटी. पुढं लिहिलंय तेही त्याच क्रमानं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट सोबत घेऊ. शेतीपंपाची वीज आपल्याकडं बऱ्याचदा रात्रीची असते. मग माणूस बॅटरी आणि खोरं घेऊन एकटाच दारं धरायला जातो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : पाटातलं पाणी एका सरीतून भरून झालं की माती ओढून तिचं दार बंद करायचं आणि पुढच्या सरीचं मोडायचं, हे काम रात्रभर चालतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. आपल्या गोष्टीतला माणूस असाच एकटा दारं धरतोय. मोटर बंद पडते. आणि उसातून कुणीतरी त्याला नावानं हाक मारतं. एवढीच गोष्ट. पाच मिनिटांच्या लघुपटाला याहून जास्त लागत नाही.

पहिलं काम : कागद-पेन घेऊन ऐकायला बसा

त्याआधी घरी एक प्रयोग करा. तुम्हाला भीती वाटलेला कुठलाही प्रसंग मोबाईलवर लावा आणि आवाज पूर्ण बंद करून बघा. मग तोच प्रसंग मोबाईल पालथा ठेवून नुसता ऐका. कुठल्या वेळी अंगावर काटा आला ते तुमचं तुम्हालाच कळेल.

ही गोष्ट सांगलीला नवीन वाटायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या काळातल्या पौराणिक नाटकांना पुढं लोक ‘अललडुर्र’ नाटकं म्हणायला लागले, कारण त्यातले राक्षस तशी आरोळी ठोकत रंगभूमीवर यायचे. राक्षस लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या आवाजानं. नाव पडलं तेही आवाजावरूनच.

आता तुमच्या जागेवर जा. चित्रीकरणाच्या दिवशी जायचं म्हणत नाही; त्याच्या आठवडाभर आधी, रात्री त्याच वेळेला, सोबत कुणालातरी घेऊन. अर्धा तास बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. जे ऐकू येतं ते तीन रकान्यांत लिहायचं : जवळचं, मधलं, लांबचं. मी उसात बसलो तेव्हाची माझी यादी अशी होती. जवळ : सरीत पाणी शिरताना माती पिते तो बुडबुड आवाज, पाचटातून, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांतून, उंदीर पळाल्याची खसखस, पानांच्या कडा एकमेकांवर घासल्याचा आवाज. मधे : मोटर, आणि पाईपातून पाटात पडणारं पाणी. लांब : कुत्री, टिटवी, रस्त्यावरून मोठ्यानं गाणी लावून चाललेला उसाचा ट्रॅक्टर, आणि मध्येच कारखान्याचा भोंगा.

ही यादी म्हणजे तुमची निम्मी पटकथा. कारण भीती तयार होते ती यातला एकेक आवाज काढून घेताना. आधी ट्रॅक्टरची गाणी लांब जात विरतात. मग कुत्री थांबतात. मग किडे. बघणाऱ्याला काय कमी झालं ते सांगता येणार नाही, पण कुणीतरी एकेक दार लावून घेतंय असं त्याला वाटायला लागतं.

मोटरीचा आवाज

इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळा लघुपट याच जागेवर उभा राहतो नाहीतर पडतो.

एकसुरी, न थांबणारा आवाज कान थोड्या वेळानं सोडून देतो. घरातला पंखा आठवा. तो चालू असताना ऐकू येत नाही. लाईट गेली की एकदम ऐकू येतं की तो बंद पडला. मोटरीचं तसंच. म्हणून सुरुवातीपासून दोन-अडीच मिनिटं ती प्रत्येक शॉटखाली चालू ठेवा. आवाज मोठा नको. माणूस बिडी पेटवतोय, खोऱ्यानं माती ओढतोय, मोबाईलवर आईशी दोन शब्द बोलतोय, खाली मोटर चालूच. बघणारा ती विसरला पाहिजे. मग थांबवा.

थांबवताना नवी मंडळी एक चूक हमखास करतात : जोडणी करताना टाइमलाइनवर आवाज कापून टाकतात. खरी मोटर अशी तुटत नाही. सूर घसरत खाली येतो, पाईपातलं पाणी आणखी काही क्षण पडत राहतं, मग थेंब थेंब, मग ते बंद. म्हणून विहिरीजवळ जाऊन खरी मोटर चालू आणि बंद होताना ध्वनिमुद्रित करा, दोन मिनिटं चालू, मग बंद, मग पुढचं एक मिनिट तसंच. मोबाईलवर केलं तरी चालेल, पण मोबाईल मोटरीपासून वीस-पंचवीस पावलं लांब ठेवा. जवळून आवाज फाटतो. स्टार्टरच्या पेटीला हात लावायचं काम ज्याचं त्यालाच करू द्या, ओल्या पायांनी तर अजिबात जवळ जाऊ नका.

मोटर थांबल्यावर येते ती शांतता. ही शांतता म्हणजे शून्य आवाज नव्हे. आवाजाची पट्टी पूर्ण रिकामी सोडली तर बघणाऱ्याला वाटतं मोबाईल बिघडला, आणि तो भीतीतून बाहेर येतो. प्रत्येक जागेची स्वतःची एक शांतता असते. बंद खोलीची वेगळी, उसाची वेगळी, घाटाची वेगळी. चित्रीकरण संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करायचं आणि एक मिनिट काहीच न करता नुसता तो आवाज घ्यायचा. तो एक मिनिट पुढं सोन्यासारखा कामाला येतो.

आणि मग हाक.

आपल्याकडं म्हातारी माणसं सांगतात, रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हे प्रत्येक बघणाऱ्याला ठाऊक आहे, त्यामुळं तुम्हाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. पहिली हाक पानांच्या सळसळीत अर्धी बुडवा. माणूस मान वर करतो, ऐकतो, पुन्हा खोरं उचलतो. आपणही ‘हाक होती की भास’ या विचारात अडकतो. दुसरी हाक स्वच्छ. आणि आवाज आईचा. जिच्याशी आत्ताच फोनवर बोलणं झालंय, जी घरी झोपलीय, तिचा. घोगरा राक्षसी आवाज काढायचा मोह आवरा. माया असलेला, रोजचा, जेवायला बोलावणारा आवाज अशा जागी ऐकू आला तर जास्त भीती वाटते.

ही हाक खोलीत माईकसमोर बसून घेऊ नका. हाक मारणारीला खरोखर शंभर-दीडशे फूट लांब उभं करा आणि उसाच्या या बाजूनं ध्वनिमुद्रण करा. अंतरामुळं आवाजातली धार जाते, मधल्या पानांत तो थोडा विरतो. ते काम संगणकावर करता येतं, पण पहिल्या-दुसऱ्या लघुपटात ते कृत्रिम वाटल्याशिवाय राहत नाही.

वाऱ्याबद्दल एवढंच : माईकवर स्पंजची टोपी घाला, तिच्यावर जुन्या केसाळ टोपीचं किंवा मऊ ब्लँकेटचं कापड गुंडाळा, वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा. आमची ती रात्र एवढ्या एका गोष्टीपायी गेली.

संगीत लागेल का? थोडंसं, आणि तेही इथलंच

नेटवरचं फुकट मिळणारं भीतीचं संगीत वापरू नका. ते बघणाऱ्यानं शंभर वेळा ऐकलेलं असतं. सुरू झालं की त्याला कळतं आता काहीतरी होणार, आणि तो सावध होतो.

मिरज इथं शेजारी आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, इतकी ती कला या मातीतली. ओळखीत कुणाकडं जुना तंबोरा असेल तर एक तास मागून घ्या. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली जो बारीक सुताचा धागा सरकवलेला असतो, त्यानं जवारी लागते, सूर मधमाशीसारखा घुमतो. तो धागा मालकालाच काढायला सांगा. तोच तंबोरा एकदम मुका, लाकडी वाटायला लागतो. खर्जाची तार छेडायची नाही. तिच्यावरून काडेपेटीची कड हळूहळू ओढायची. जे निघतं ते ध्वनिमुद्रित करून निम्म्या वेगानं चालवा. सूर एक सप्तक खाली जातो आणि आवाज दुप्पट लांबतो. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्याला पुरतं. हा आवाज आख्ख्या लघुपटात एकदाच, दहा-बारा सेकंद वापरा. ओळखीच्या वाद्याचा अनोळखी झालेला सूर कानाला कुठंतरी खटकतो, पण काय खटकतंय ते सापडत नाही.

एक धोक्याची सूचना. भीतीसाठी अगदी खालच्या पट्टीतली घरघर वापरतात, थिएटरात ती छातीत जाणवते. तुमचा लघुपट मात्र लोक मोबाईलवर बघणार, आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालच्या पट्टीतलं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. तुम्ही हेडफोन लावून जी घरघर बसवलीत ती बघणाऱ्याला ऐकूच जाणार नाही. म्हणून प्रत्येक बदल मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून बघा, मग हेडफोनवर, मग टीव्हीवर. सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या मोजपट्टीवर बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलं की मोठ्या आवाजाला वर चढायला जागा राहते. सगळंच मोठं ठेवलं तर दचकवायला काही उरत नाही.

दचकवण्याचं निघालंच आहे तर १९४२ सालची एक युक्ती सांगतो. ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात एक बाई रात्री एकटी चाललीय, मागं कुणाची तरी पावलं. मग ती पावलं ऐकू येईनाशी होतात. ती घाबरून पळायला लागते, आणि एकदम फिस्सकारत पडद्यावर येते ती बस. ब्रेकचा आवाज, बाकी काही नाही. निर्माता वॅल ल्यूटन याच्या नावावरून या युक्तीला अजून ‘ल्यूटन बस’ म्हणतात. आपल्या एसटीच्या ब्रेकचा आवाज ज्यानं रात्री रिकाम्या स्टँडवर ऐकलाय त्याला हे वेगळं समजवायला नको. यात लक्षात घ्यायचं ते हे की दचकवणारा आवाज त्या जागेचाच होता, आणि त्याच्या आधीची शांतता पुरेशी लांब होती. दचकणं एका क्षणाचं असतं, त्यातून बाहेर पडलेला माणूस मोकळा होतो आणि हसतोसुद्धा. म्हणून पाच मिनिटांत असा धक्का एकच. धाकधूक मात्र अखेरपर्यंत चालली पाहिजे.

जागा : जिथं रोज काहीतरी काम चालतं

पडका वाडा, स्मशान, वडाचं झाड. बघणारा तिथं पोचायच्या आधीच भूत शोधायला लागतो. मी सांगेन, अशी जागा घ्या जिथं दिवसा माणसांची वर्दळ असते आणि एखादं काम नेमानं चालतं. तो नेम मोडला की भीती आपोआप आत शिरते.

तासगावकडची बेदाण्याची शेड घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल ती भरलेली असते. जाळीचे थरावर थर, रांगेमागून रांगा, बाजूनं हिरवं नेट. वारा आला की सगळं नेट एकदम फुगतं आणि एकदम बसतं, श्वास घेतल्यासारखं. समोरच्या रांगेत कोणी चाललं तर जाळ्यांतून त्याचे तुकडे दिसतात, आख्खा माणूस दिसत नाही. लाखो रुपयांचा सेट लावून जे मिळणार नाही ते तिथं उभंच आहे.

किंवा हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीत खोदलेले मोठाले खड्डे, तोंड लहान, आत पोट मोठं, त्यात हळद साठवायची जुनी पद्धत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पाण्याखाली गेली. नुसतं ते काळं गोल तोंड आणि त्याच्या कडेला उभा असलेला माणूस, एवढी फ्रेम पुरेशी आहे. पण हात जोडून सांगतो, बंद पेवात उतरू नका. आत हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी असतो, माणूस खाली गेला की वर येत नाही. आतलं दृश्य लागलं तर कुठल्याही अंधाऱ्या खोलीत वरून एक दिवा सोडून ते उभं करता येतं.

नदीकाठालाही तीच गोष्ट. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या लोकांना विचारा. रात्री पाण्याच्या कडेला तिवई लावून बसणं हा शहाणपणा नव्हे. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून नदी चांगली दिसते.

आणि पुराच्या रेषा. २००५, २०१९, २०२१. सांगलीच्या गावभागातल्या कितीतरी भिंतींवर डोक्याच्या वर ती मळकट रेघ अजून दिसते. कॅमेरा फक्त त्या रेघेवर थांबला तरी सांगलीकराच्या पोटात कालवतं. म्हणूनच जपून. त्या घरात कुणी काय काय गमावलंय हे आधी विचारा, आणि घरच्यांनी हो म्हटलं तरच वापरा. ज्या दुःखाला अजून खपली धरलेली नाही, त्याचा धक्का द्यायला वापर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तसंच कुणाच्या खऱ्या घराला, खऱ्या झाडाला, खऱ्या बाईला भुताशी जोडू नका. लघुपट गावात फिरतो आणि बाई गावात राहते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, हे भीतीची गोष्ट सांगणाऱ्यानं विसरू नये. गोष्ट गोष्टच राहू द्या.

रात्री शेतात जायच्या आधी मालकाची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. उसात हलणाऱ्या बॅटऱ्या बघून लोक चोर समजून काठ्या घेऊन येतात. पायात गमबूट. पाचटाजवळ आग, धूर, फटाके काही नाही. वाळलेलं पाचट एका ठिणगीनं पेटतं आणि मग आख्खा फड जातो.

आता कॅमेरा

मोबाईल पुरतो. फक्त त्याला अंधार सहन होत नाही, तो स्वतःहून उजेड वाढवत राहतो आणि चित्रात दाणे येतात. म्हणून एक्सपोजर (उजेड किती घ्यायचा ते) आणि फोकस दोन्ही लॉक करा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर होतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप तुमच्या फोनवर चालत असेल तर सगळं हातात येतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. भलतंच शटर ठेवलं तर ट्यूबलाईटच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात.

लांबचे शॉट खऱ्या रात्री घेऊ नका. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं-करडं असतं आणि ऊस काळा दिसतो. तेवढ्यात उरकायचे. उजेड थोडा कमी ठेवून घेतलेला तो शॉट पडद्यावर मध्यरात्रीसारखा दिसतो आणि त्यात दाणे नसतात. वेळ थोडी मिळते, म्हणून दुपारीच सगळ्या जागा ठरवून, नटाला दोनदा चालवून ठेवा. जवळचे शॉट मग सावकाश, रात्री, माणसाच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडात. दिसणारा दिवा एकच ठेवा. तो माणसाच्या हातात असला की तो जिकडं वळवेल तिकडंच आपल्याला बघता येतं, आणि त्याच्या पाठीमागं काय आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही.

फ्रेम लावताना माणूस डाव्या कडेला घ्या. उजवीकडचा दोन-तृतीयांश भाग रिकामा, आणि त्या रिकाम्या भागात सरीची काळी वाट, लांब आत गेलेली. शॉट आठ-दहा सेकंद हलवू नका. बघणारा पहिले तीन सेकंद माणसाकडं बघतो. मग त्याची नजर त्या काळ्या वाटेकडं जाते आणि तिथंच अडकते. तिथून काहीही बाहेर काढायचं नाही. पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये मात्र ती वाट कुठंतरी असू द्या; कधी माणसाच्या खांद्यामागं, कधी पायांमधून.

बॅटरी फिरवण्याचा एक शॉट सगळ्यांना जमतो आणि हमखास काम करतो. माणूस उसावरून डावीकडून उजवीकडं उजेड फिरवतो. काही नाही. उजवीकडून डावीकडं आणतो. काही नाही. पण या वेळी वारा पडलेला आहे, सगळी पानं स्थिर आहेत, आणि कडेचं एकच पान हलून थांबतंय, आत्ताच कुणीतरी तिथून गेल्यासारखं. उजेड त्याच्यावरून पुढं निघून जातो. माणसाच्या ते लक्षातच येत नाही. बघणाऱ्याच्या आलंय. एका पानाला शिवणाचा काळा दोरा बांधा, ओढणारा आत बसवा. खर्च दोन रुपये.

कॅमेरा हलवायचा असेल तर इतका हळू की हलतोय हे कळू नये. तिरपी फ्रेम, गरगर फिरणारा कॅमेरा, थरथरता हात, हे सगळं टाळा. उसाच्या आतून, पानांच्या फटीतून माणसाकडं बघणारा शॉट एकच ठेवा, तोही मोटर बंद पडल्यानंतर. तो आधीच दाखवलात तर आत कोणीतरी आहे हे पक्कं होतं. पक्कं झालं की भीती ओसरते.

आणि ते ‘कोणीतरी’ दाखवायचंच नाही का? माझं उत्तर, पहिल्या लघुपटात तरी नाही. दाखवायला चांगला मेकअप लागतो, चांगला उजेड लागतो, आणि बघणाऱ्यानं मनात जे उभं केलंय त्याच्या पुढं तुमचं भूत नेहमी किरकोळ ठरतं. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गनं २०१३ साली स्वतःच्या घरात, बायकोलाच नटी करून ‘लाइट्स आउट’ नावाचा तीन मिनिटांच्या आतला लघुपट केला. त्याच्याकडं होतं काय, तर एक दिव्याचं बटण. दिवा बंद केला की आकृती दिसते, लावला की नाही. शेवटी चेहरा त्यानं दाखवला, पण क्षणभरच. तीन वर्षांनी त्याचाच पूर्ण लांबीचा चित्रपट झाला.

जोडणी

चित्र आणि आवाज जोडायला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. दोनच गोष्टी आवर्जून करा. एक, पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू करा. माणूस अजून बिडी ओढताना दिसतोय आणि पुढच्या जागेतलं पाण्याचं टपटप सुरू झालंय. अर्ध्या सेकंदाचा हा फरक मनाला बेचैन करतो. दोन, माणसाला काही दिसलं तर आधी त्याचा चेहरा दाखवा आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवा. त्याला काय दिसलं हे बघायची घाई बघणाऱ्याला होऊ द्या. मग त्याच्या समोरचं दाखवा, आणि समोर फक्त ऊस.

शेवट आपल्या गोष्टीचा असा केला होता. दुसरी हाक येते. माणूस तोंड उघडतो, ओ द्यायला. तेवढ्यात लांबून मोटर सुरू होते. पाटात पाणी येतं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव, आणि तो खोरं उचलून त्या काळ्या वाटेत पुढच्या सरीचं दार मोडायला आत जातो. शॉट तसाच राहतो. मोटर चालू आहे. पाणी वाहतंय. तो बाहेर येत नाही. पंधरा सेकंद. काळा पडदा.

तयार झाल्यावर तिघांना दाखवा, प्रत्येकाला वेगळं, खोलीत अंधार करून. तुम्ही पडद्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा. कुठल्या सेकंदाला हात मोबाईलकडं गेला, कुठं अंग आवळलं, कुठं खुर्ची वाजली, लिहून घ्या. मत विचारू नका. घरचे चांगलंच म्हणणार.

आमचा मी पहिल्यांदा आण्णांना दाखवला. माझे चुलते, तीस-पस्तीस वर्षं त्यांनी रात्रीची दारं धरलीत. पहिली अडीच मिनिटं निवांत बघत होते, मांडीवर हात. मोटर बंद पडली तशी त्यांनी मान वळवली, पडद्याकडं नाही, पाठीमागच्या खिडकीकडं. हाक आली तेव्हा त्यांचा हात मांडीवरून निघून कॉटच्या कडेला घट्ट धरला गेला होता. संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मी दिवा लावला, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आटो हुता न्हवं रं ष्टार्टरला?" त्यांनी विचारलं.

वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी, तिला सगळे ऑटोच म्हणतात. मी सांगितलं, आण्णा, ते ठरवलंच नाही आम्ही.

त्यांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

"मग चालू कुनी किली?"